वाड्यातल्या बड्यांची काळी कॉमेडी

काल सराफ बाजारात सरकारवाड्यापाशी एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "काका, इंग्रज स्वतःच्याच सरदारांची चित्रपटात कशी खिल्ली उडवतात! आपल्याकडे आहे का तसं काही?"

आहे की!

इंग्रजांचा १९४९ चा 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स' बघा. ड्यूक होण्यासाठी नायक एकेक वारसदार शांतपणे संपवतो. त्या घराण्यातल्या आठ जणांच्या भूमिका एकट्या अ‍ॅलेक गिनेसने केल्यात.

आपलं उत्तर 'घाशीराम कोतवाल'. तेंडुलकरांचं नाटक १९७२ चं, चित्रपट १९७६ चा.

पुण्यात अपमान झालेला घाशीराम सूड म्हणून स्वतःची मुलगी गौरी नाना फडणविसांच्या हवाली करतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. मग शहरावर जुलूम. लोक खवळले की नाना त्यालाच जमावापुढे टाकून मोकळे!

इतिहासात घाशीराम सावळदास खरोखर होता. कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेले आणि १७९१ मध्ये जमावाने त्याला दगडांनी ठेचलं. गौरीची कथा मात्र नाटककाराची, तिला इतिहास समजू नका.

चित्रपट मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशा तरुणांच्या सहकारी गटाने केला. नाना मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी. ओम पुरींच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक.

खरं सांगू? नाटक जास्त चावतं. कीर्तन-लावणीच्या ठेक्यात आपण हसतो, तेवढ्यात समोर छळ सुरू झालेला असतो. चित्रपट थंड आणि कोरडा वाटतो.

दोन्ही पाहिलेल्यांनी आपलं मत लिहा.