मुठीवरून ओळख

श्रीपूरच्या साखर कारखान्याभोवती गाळप हंगामात कोयता घेऊन कुणीही फिरतो; परवाना कोण विचारणार? शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब पात्याची हत्यारे येतात, पण शेतीची अवजारे वगळून. संगीन मात्र तिथे नावानिशी आहे. म्हणून जुन्या संगिनी जमवायचा नाद लागलाच, तर आपल्या भागात परवाना लागतो का हे आधी पोलीस ठाण्यात विचारावे, पैसे मग मोजावेत.

नवखा पाते बघतो, जाणकार मूठ. ली-एनफिल्ड रायफलीची 1907 च्या नमुन्याची संगीन घ्या. पाते 17 इंची. ब्रिटनप्रमाणे बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही ती घडली. मुठीला अक्रोडाच्या दोन पट्ट्या, दोन स्क्रूंनी आवळलेल्या. जवसाचे तेल पिऊन हे लाकूड काळपट होते. भिंगातून बारीक लांबट छिद्रे दिसतात. स्क्रूभोवती निळसर काळा डाग दिसला तर मला हायसेच वाटते. लाकडातले टॅनिन आणि लोखंड ओलीत एकत्र आले की तो पडतो. (व्हिनेगरमध्ये लोखंड भिजवून तो मुद्दाम पाडणारेही आहेत म्हणा!)

त्याआधीच्या 1856 आणि 1887 च्या नमुन्यांना चामड्याची मूठ असे, चौकडीची नक्षी दाबून उठवलेली. विकणारा तिला बेधडक लाकूड म्हणतो. पट्टीची कड बघावी: लाकडाच्या रेषा नसतात, आणि चामडे आकसल्याने लोखंडालगत फट पडलेली असते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन संगिनींवर तांबूस बेकेलाइट भेटते. अंगठ्याने जोरात घासले की फिनाइलसारखा उग्र वास येतो. गरम सुई टोचून बघा, असे कुणी सांगितले तर ऐकू नये. वस्तू कायमची डागाळते.

बदललेली मूठ दिसली की संग्राहक नाक मुरडतात, भाव पाडतात. मला हे पटत नाही. पलटणीच्या आर्मररने (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) बसवलेली नवी पट्टी हाही त्या हत्याराच्या नोकरीचाच भाग. ती पोलादाच्या कडेशी बोटाला न अडखळता मिळते. दुकानदाराने परवा ठोकलेली पट्टी कडेबाहेर येते आणि स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत भारतात 1907 च्या संगिनीचे पाते 12 इंचांवर आले. ब्रिटिशांनी ली-एनफिल्डच्याच चार नंबरच्या रायफलीला नुसता टोकदार सुळा दिला. त्याला मूठच नाही. तिथे खोबणीवरचे शिक्के वाचावे लागतात.