कऱ्हा नदीचे तीन पत्ते

ब्राउझरच्या पट्टीत मराठी विकिपीडियाच्या लेखाचं नाव स्वच्छ देवनागरीत दिसतं. तोच पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला की बरेचदा टक्क्यांची लांबलचक रांग उमटते. यात बिघाड काही नाही. वेबपत्त्यात इंग्रजी अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हंच चालतात. उरलेल्याचे बाइट करून प्रत्येकाआधी टक्का लावायचा, असा नियम आहे.

पायथनमध्ये हे काम ‘क्वोट’ नावाचं फंक्शन करतं. त्याला ‘पुणे’ म्हणजे चार तुकडे: प, उकार, ण आणि मात्रा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या दर तुकड्याला ३ बाइट. एकट्या ‘प’चं होतं %ई०%ए४%एए, आणि पुण्याची लांबी भरते ३६ अक्षरं! पायथन २ मध्ये युनिकोडातलं ‘पुणे’ थेट दिलं, तर हेच फंक्शन ‘कीएरर’ फेकून मोकळं व्हायचं. पायथन ३ यूटीएफ-८ गृहीतच धरतं.

खरी गंमत ‘कऱ्हा’पाशी. यातला अर्धा ऱ तीन तऱ्हांनी टंकता येतो: अखंड ऱ आणि हलन्त; र, नुक्ता आणि हलन्त; किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच. क्वोट मात्र पहिल्याचे १५ बाइट करतं, उरलेल्या दोन्हींचे १८. पत्ते तीन, सर्व्हरवर पान एकाच नावाने ठेवलेलं असेल तर बाकीच्यांच्या वाट्याला ‘४०४’. क्वोटचा यात दोष नाही, मिळालेलं ते इमानदारीने मोडतं. शहाणा प्रोग्रॅमर त्याआधी एनएफसी हे सामान्यीकरण चालवतो. र आणि नुक्ता त्यात एकजीव होऊन ऱ बनतात. झेडडब्ल्यूजेला मात्र एनएफसी हातही लावत नाही. त्याची सोय वेगळी करावी लागते.

आधीच टक्केवारीत गेलेला पत्ता चुकून पुन्हा क्वोटला दिला, तर टक्क्याचंही %२५ होतं. हा घोळ नेहमीचाच.

डोमेनच्या नावाला टक्के चालत नाहीत. तिथे प्युनीकोड लागतो आणि नाव ‘एक्सएन’ व दोन आडव्या रेघांनी सुरू होतं. पायथनमधला अंगचा ‘आयडीएनए’ कोडेक अजून २००३ च्या नियमांवर चालतो. तो झेडडब्ल्यूजे गुपचूप गाळतो. मग तिसऱ्या तऱ्हेने टंकलेल्या कऱ्हावर रफार चढतो आणि डोमेन नोंदवलं जातं ‘कर्हा’. २००८ च्या नियमांत हलन्तानंतर हे चिन्ह चालतं, पण त्यासाठी वेगळं पॅकेज बसवावं लागतं.