चहात बुडवलेला कागद आणि मुंजीची शंभर आमंत्रणं

या आठवड्याच्या व्हिडिओत मी चहाने कागद जुना कसा करायचा ते दाखवलंय. व्हिडिओत सगळं सोपं दिसतं. इथे जरा हिशोबाचं आणि फसण्याचं बोलू.

मानपाडा रोडच्या माझ्या दुकानात एक आजी आल्या. नातवाची मुंज, शंभर आमंत्रणं हवीत, "शिवकाळातल्या खलित्यासारखी." मी नमुना म्हणून एक केलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून लेझर प्रिंट घेतली, चहात बुडवली, वाळवली. झकास! आजी खूश. बारा रुपये नग ठरले, अॅडव्हान्सही मिळाला.

मग मी हुशारी केली. एका प्रिंटचे तीन रुपये वाचवायला सगळी आमंत्रणं दुकानातल्या इंकजेटवर काढली. परातीत पहिला कागद सोडला आणि अक्षरं निळसर होऊन पसरायला लागली. इंकजेटची साधी शाई पाण्यात विरघळते. लेझरचा टोनर म्हणजे वितळून कागदाला चिकटलेलं प्लास्टिकच, त्याला पाणी लागत नाही. बीबीएला कॉस्टिंगचा पेपर मी चांगल्या मार्कांनी सोडवलेला, पण नमुना एका पद्धतीने आणि माल दुसऱ्या पद्धतीने करू नये हे तिथे कुणी शिकवलं नव्हतं. दोन रात्री जागून सगळं पुन्हा केलं. हातात तीनशे रुपयेही उरले नाहीत.

आता कृती. एक लिटर पाण्यात पाच मोठे चमचे चहा पावडर, दहा मिनिटं उकळा, गाळा, थंड होऊ द्या. साखर नको, मुंग्या येतात. दूध तर नकोच नको! भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत केलं तर चहातलं टॅनिन लोखंडाशी जुळतं आणि रंग करडा-काळा होतो. (याच रसायनावर युरोपात शतकानुशतकं लिहायची शाई बनत होती, पण आपल्याला शाई नको, कागद हवाय.) नेहमीचा झेरॉक्सचा 70-75 जीएसएम कागद ओला झाला की उचलतानाच फाटतो, म्हणून 100 जीएसएम बाँड घ्या. खाली प्लास्टिकचा तुकडा ठेवून कागद परातीत पाच मिनिटं बुडवा आणि प्लास्टिकसकटच उचला. सावलीत सपाट वाळवा. थोडा दमट असतानाच दोन सुती फडक्यांमध्ये ठेवून मागच्या बाजूने हलकी इस्त्री फिरवा. इस्त्री जास्त तापली तर टोनर फडक्याला लागतो. कडा मेणबत्तीने जाळायचं फॅड आहे, मला ते आवडत नाही. घरात पोरं असतात. ओली कड पट्टी धरून फाडा आणि ब्रशने घट्ट चहा लावा, तसंच दिसतं.

पावसाळ्यात हे काम घेऊ नका. कागद वाळत नाही, ढीग करून ठेवला तर बुरशी धरते. दिवाळीच्या किल्ल्यांना, शाळेच्या प्रोजेक्टना, 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीला मागणी येते, तेव्हा हवा कोरडी असते. 6 जूनच्या राज्याभिषेक दिनाचा माल मात्र मे महिन्यातच करून ठेवा.

एक गंमत सांगते. खरा जुना कागद असा चहाच्या रंगाचा असतोच असं नाही. आपल्याकडे जुन्नरला आणि दौलताबादजवळ कागजीपुऱ्याला हातकागद बनायचा, चिंध्या नि तागाच्या लगद्याचा. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन असतं, म्हणून वर्तमानपत्र खिडकीत ठेवलं की काही दिवसांत पिवळं पडतं. चिंध्यांच्या कागदात ते जवळपास नसतंच. गिऱ्हाईक मागतं तो सिनेमातला जुना कागद. ज्याला खरा पोत हवा त्याला हातकागद वापरून द्या आणि दर वेगळा लावा.

आता दर. शंभर आमंत्रणांना 120 कागद धरा, वीस वाया जातातच. कागदाचे 120 रुपये, प्रिंटचे 360, चहा पावडर 50, सुतळी आणि लाख 200. झाले 730. वेळ साधारण आठ तास. बारा रुपयांना विकलं तर सगळं सुरळीत झालं तरी 470 उरतात, तासाला साठसुद्धा नाहीत. मी आता पंचवीस घेते. 1770 उरतात, तासाला सव्वादोनशेच्या आसपास. "चहात तर बुडवायचंय," असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी पावडर कुठली घ्यायची ते सांगते आणि घरी करा म्हणते.

आणि एक ऑर्डर मी परत पाठवली. एक गृहस्थ वाटणीपत्राचा मजकूर घेऊन आले, कागद पन्नास वर्षं जुना दिसायला हवा. नाटकासाठी म्हणाले. पण खाली खरी वाटावीत अशी नावं होती, गट नंबर होता, सह्यांना जागा सोडलेली. दुप्पट पैसे देत होते, आणि त्या महिन्यात दुकानाचं भाडं थकलं होतं, खोटं कशाला बोलू. तरी नाही म्हटलं. बनावट दस्तऐवज करणं हा गुन्हा आहे, आणि कागद कुणी रंगवला हे पोलीस विचारणारच. तेव्हापासून माझ्या प्रत्येक खलित्याच्या मागे खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "प्रतिकृती" आणि चालू वर्ष छापलेलं असतं. लेझरनेच, म्हणजे चहात जात नाही.