एक बोट सरकतं तेव्हा

आषाढवारीत माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा गावात जागोजागी भजनं रंगतात. भैरवी झाली, टाळ खाली ठेवले की एखाद्या पेटीवाल्या बुवांना विनंती करून पाहा. सा, कोमल गंधार आणि पंचम या तीन पट्ट्या एकदम दाबायच्या. मग सा आणि गंधार तसेच धरून पंचमावरचं बोट फक्त शेजारच्या कोमल धैवतावर न्यायचं. ऐकलंत? सा जागचा हललेला नाही, तरी मघाचा गंभीर सा आता उजळलाय!

अशा स्वरांच्या जुडग्याला कॉर्ड म्हणतात. जॅझचा पियानोवादक सुरावटीखालची ही जमीन सतत बदलत असतो. आपला राग मात्र तंबोऱ्याच्या एकाच षड्जावर उभा. जमीन फार हलली, तर सा कुठला हेच कानाला कळेनासं होतं. मग या दोघांनी एकत्र नांदायचं कसं?

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर बोटांवर खेळवला, ते जॅझ पियानोवादक लुईझ बँक्स. जन्म १९४१, दार्जिलिंग. मूळ नाव डंबर बहादुर. वडील ट्रम्पेट वाजवायचे. लुई आर्मस्ट्राँगवरच्या प्रेमापोटी त्यांनी मुलाला लुईझ हे नाव दिलं. कोलकात्याच्या ‘ब्लू फॉक्स’ रेस्टॉरंटमध्ये वाजवणाऱ्या लुईझना राहुल देव बर्मन यांनी हेरलं आणि पुढे मुंबईच त्यांचं घर झालं.

राग आणि कॉर्ड एकत्र नांदवायची वाट जॅझमध्येच होती. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममध्ये कॉर्डची धावपळ थांबवून एकाच स्वरसप्तकात निवांत रेंगाळायला सुरुवात केली. राग मांडायला जागा मिळाली ती इथे. २००८ साली डेव्हिस यांचं संगीत भारतीय वादकांसह नव्याने मांडणारा ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ आला, तसाच गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांचा ‘फ्लोटिंग पॉइंट’ही. दोन्हींत बँक्स होते आणि दोन्हींना ग्रॅमीच्या एकाच गटात नामांकन मिळालं!

आपण मात्र त्यांना त्याआधीच ऐकलंय. १९८८च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर भीमसेन जोशींच्या आवाजात ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ सुरू झालं. चाल अशोक पत्कींची, संगीत संयोजन बँक्स यांचं, राग भैरवी.

बुवांनी मघाशी दाबलेले चारही स्वर त्याच भैरवीतले. भजनाची सांगता जिथे होते, तिथेच जॅझचं दार होतं, एका बोटाच्या अंतरावर.