स्लॅशर : धारेचे समज आणि वेगाची वस्तुस्थिती

द्राक्षबागेतील ओळींमधले गवत, आंबा-काजूच्या बागेत माजलेले रान किंवा पडीक जमिनीवरची झुडपे कापण्यासाठी ट्रॅक्टरमागे जोडला जाणारा स्लॅशर महाराष्ट्रात चांगलाच रुळला आहे. तरीही त्याची जुळणी आणि देखभाल यांविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच मुळातून आलेले दिसतात, आणि ते मूळ म्हणजे या यंत्राला मोठा विळा मानण्याची सवय. विळा धारेवर चालतो, स्लॅशर वेगावर. पीटीओ, म्हणजे इंजिनाची शक्ती मागे जोडलेल्या अवजाराला पुरवणारा दांडा, मिनिटाला ५४० फेरे या प्रमाणित वेगाने फिरतो आणि स्लॅशरच्या गिअर बॉक्समध्ये हे फेरे आणखी वाढतात. कापणीची रुंदी दीड मीटर असलेल्या यंत्राची पाती मिनिटाला १००० फेरे घेत असतील, तर पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ७८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने धावत असते.

हा वेग ध्यानात घेतला की पात्याला वस्तऱ्यासारखी धार हवी, हा समज टिकत नाही. झुडपे आणि जाड गवत कापणाऱ्या पात्याची कड साधारण दीड मिलिमीटर जाड ठेवणेच योग्य असते, कारण त्याहून पातळ कड पहिल्याच दगडाला लागून मोडते. धार लावताना कडेचा मूळ कोन कायम ठेवणे आणि दोन्ही पात्यांवरून सारखेच लोखंड घासणे, या दोन गोष्टी धारेच्या तीक्ष्णतेपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या आहेत. वर सांगितलेल्या यंत्रात एका पात्याचे टोक दुसऱ्यापेक्षा अवघे ५० ग्रॅमने हलके झाले, तरी सुमारे ४० किलो वजनाएवढी ओढ पाती फिरवणाऱ्या मधल्या दांड्यावर येते, आणि तिची दिशा प्रत्येक फेऱ्यात फिरत राहिल्याने बेअरिंग, ऑइल सील आणि बोल्ट हळूहळू ढिले होतात. म्हणून पाती नेहमी जोडीनेच बदलावीत. तडा गेलेले पाते वेल्डिंग करून किंवा वाकलेले पाते तापवून, ठोकून पुन्हा चालवणे ही काटकसर नव्हे. उष्णतेने पोलादाला मुळात दिलेले पाणी उतरते आणि असे पाते चालत्या यंत्रात तुटून दूरवर फेकले जाऊ शकते.

इंजिनाचा वेग कमी ठेवला की डिझेल वाचते, हा समजही स्लॅशर वेगावर चालत असल्याने फसवा ठरतो. फेरे घटले की पाते गवत कापण्याऐवजी फाडते व लोळवते, आणि त्याच पट्ट्यावर दुसरी फेरी मारावी लागते. पीटीओला ५४० फेरे मिळण्यासाठी इंजिनाचा वेग किती लागतो हे मॉडेलनुसार बदलते व ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. तो वेग कायम ठेवून ट्रॅक्टरची चाल खालच्या गिअरने कमी करणे हा योग्य मार्ग होय.

कापणीच्या उंचीच्या बाबतीत ‘जितके खाली तितके स्वच्छ’ असे मानले जाते. पण पाती मातीला घासू लागली की ती झपाट्याने झिजतात आणि खडे उडवतात. हे खडे शंभर मीटरपर्यंतही जाऊ शकत असल्याने यंत्राच्या पुढच्या-मागच्या संरक्षक साखळ्या काढून टाकणे धोक्याचे आहे. यंत्र सर्व बाजूंनी अगदी सपाट असावे, ही समजूतही अर्धीच खरी. डावी-उजवी बाजू समान हवी, पण पुढची कड मागच्या कडेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली असावी, म्हणजे कापलेले गवत मागून मोकळे बाहेर पडते आणि तेच ते पुन्हा कापण्यात शक्ती वाया जात नाही. हा उतार यंत्राला ट्रॅक्टरशी वरून जोडणाऱ्या टॉप लिंकने साधायचा असतो.

सर्वांत घातक गैरसमज ‘बंद’ या अवस्थेविषयी आहे. पीटीओचा लिव्हर बंद स्थितीत आणल्यावरही जड पाती स्वतःच्या गतीने काही काळ फिरत राहतात. पीटीओला स्वतंत्र क्लच नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये तर हीच गती उलट मार्गाने गिअर बॉक्समध्ये शिरते आणि क्लच दाबलेला असतानाही ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. हे टाळण्यासाठी ट्रॅक्टर व स्लॅशर जोडणाऱ्या शाफ्टवर एकाच दिशेने शक्ती जाऊ देणारा ओव्हररनिंग क्लच बसवावा लागतो. हायड्रॉलिकवर उचललेला स्लॅशर आधारावर आहे असे समजून त्याखाली हात घालणे त्याहून वाईट, कारण लिव्हरला धक्का लागला किंवा तेल गळले तरी यंत्र खाली येते. इंजिन बंद करून, चावी काढून, हँडब्रेक लावून, पाती थांबल्याची खात्री करून आणि खाली लाकडी ठोकळे किंवा लोखंडी स्टँड देऊनच पात्यांना हात लावावा. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे अशा भाराखाली फुटतात.

शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण केवळ धूळ अडवण्यासाठी असते, असे मानून ते मोडल्यावर पुन्हा बसवले जात नाही. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे, आणि सात सेंटिमीटर व्यासाचा उघडा शाफ्ट या वेगाने एका सेकंदात सुमारे दोन मीटर कापड गुंडाळतो. उपरणे, धोतराचा सोगा किंवा पदर अडकल्यावर सोडवायला वेळच उरत नाही.

शिअर बोल्ट, म्हणजे पाते अडकल्यावर स्वतः तुटून गिअर बॉक्स वाचवणारा मऊ बोल्ट, वारंवार तुटतो म्हणून त्याजागी कडक बोल्ट किंवा सळईचा तुकडा घातला, तर पुढचा धक्का गिअर बॉक्सच्या दातांवर येतो. बोल्ट वारंवार तुटत असेल, तर अडखळण्याचे कारण रानात किंवा यंत्राच्या जुळणीत शोधावे. बागांमध्ये आणखी एक गोष्ट हमखास दुर्लक्षित राहते. ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, सुतळी आणि मांडवाची तार पात्यांच्या वर, मधल्या दांड्याभोवती घट्ट गुंडाळली जाते आणि आतले ऑइल सील कापत जाते. गिअर बॉक्समधले तेल सारखे कमी होत असेल, तर वरून तेल भरत राहण्यापूर्वी ठोकळ्यांवर टेकवलेल्या यंत्राखालून ती गुंडाळी सुरीने काढावी, सील तपासावे आणि मगच तेलाची पातळी पुरी करावी.