धोका कुणाला, कुणाकडून?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पोटातल्या सगळ्या परजीवींना मिळून आपण एकच शब्द वापरतो : जंत. मी शब्दांत रमणारा माणूस. पण इथं शब्द अपुरा पडतो आणि त्याची किंमत एचआयव्हीसह जगणारी माणसं मोजतात. डोळ्यांना दिसणारे जंत वेगळे आणि एकाच पेशीचे, एका मिलिमीटरमध्ये दोनशे ओळीनं बसतील असे जीव वेगळे. शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी पहिल्यांना मारते. दुसऱ्यांपैकी बरेच तिला दाद देत नाहीत.

आमचं ओझर मुंबई-आग्रा महामार्गावरचं. विमानांचा कारखाना, द्राक्षबागा आणि बाणगंगा ही त्याची ओळख. या रस्त्यावर ट्रक चालवणारा माझ्या ओळखीचा एक जण महिनाभर हगवणीनं खंगला. एचआयव्हीचं त्यानं घरी सांगितलं होतं, गल्लीत नाही. दुकानातून जुलाबाच्या गोळ्या आणून खायचा. शेवटी तपासणीचा कागद घेऊन आला. म्हणाला, ‘‘चाचा, यात काहीच नाही म्हणतात. मग मी वाळतोय कशानं?’’

त्याच्या शौचाची साधी तपासणी झाली होती. पण हे जीव साध्या तपासणीत सहज निसटतात. क्षयाचे जंतू शोधायला थुंकीवर जो लाल रंग चढवतात, त्याचीच थोडी बदललेली पद्धत इथं लागते. डॉक्टरांनी ती मुद्दाम लिहून द्यावी लागते. आणि त्यासाठी रुग्णानं आपला आजार डॉक्टरांपासून लपवता कामा नये. त्यानं तो सांगितला. पुन्हा तपासणी झाली आणि आयसोस्पोरा नावाचा जीव सापडला. त्यावर कोट्रायमोक्साझोल हे जुनं, स्वस्त औषध चालतं. तो बरा झाला.

प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं. एचआयव्ही शरीरातल्या सीडी-४ या रक्षक पेशी मारत जातो. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या, की दार उघडंच. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जीव धडधाकट माणसाला आठवडा-दोन आठवडे छळून निघून जातो. सीडी-४ शंभराच्याही खाली असतील, तर तो महिनोन्महिने मुक्काम ठोकतो. अशा वेळी त्याच्यावर खात्रीचं औषध नाही. एआरटीच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती परत आणणं हाच खरा इलाज.

हा जीव पाण्यातून येतो आणि क्लोरीनला जुमानत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोक त्यानं आजारी पडले. जे दगावले, त्यांत बहुतेक एड्सचे रुग्ण होते. म्हणजे पाहा, आपण त्या माणसाचा पेला वेगळा ठेवतो. पेल्यातून एचआयव्ही पसरत नाही. उलट आपल्या गावाच्या पाण्यातून त्याच्या जिवाला धोका असतो. दिसायला पाक असलेलं पाणी पाक असेलच असं नाही.

म्हणून त्याच्या घरी पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी, ती निदान मिनिटभर टिकू द्यावी आणि पाणी झाकून ठेवावं. कच्ची कोथिंबीर, गाजर, द्राक्षं चांगल्या पाण्यानं धुवावीत. संडासहून आल्यावर, जेवणाआधी आणि गोठ्यात काम केल्यावर साबणानं हात धुवावेत. हगवण लागलेल्या वासरापासून त्यानं दूरच राहावं. जुलाब सुरू झाले तर मीठ-साखरेचं पाणी लगेच सुरू करावं. एआरटीच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नयेत.

सरकारी केंद्रांतून या गोळ्या १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागल्या. २०१७ पासून सीडी-४ कितीही असोत, निदान होताच त्या सुरू करता येतात. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात असं केंद्र आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करायला मनाई करणारा कायदाही १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

पण गल्लीत कायदा रोज येत नाही. तिथं शेजारीच असतात. शेजाऱ्यानं तोंड फिरवलं, की माणूस आजार लपवतो. आजार लपवला, की योग्य तपासणी होत नाही. आणि तपासणी झाली नाही, की चार पैशांच्या औषधावाचून माणूस जातो. ही साखळी तोडणं आपल्या हातात आहे.