जादूची किंमत कोण मोजतं?

दहावीतल्या मुलीच्या दप्तरात सहाशे पानांची इंग्रजी कादंबरी सापडली की घरच्यांना पहिली काळजी लागते अभ्यासाची आणि दुसरी प्रेमाची. मुखपृष्ठावर ड्रॅगन, तलवार, काटेरी वेली. आत शापित राजपुत्र, युद्ध आणि चुंबनं. ‘ह्या काय वाचतंस गो?’ हा आजीचा प्रश्न मालवणपासून शिरोड्यापर्यंत कुठल्याही पडवीत ऐकू येतो. त्या प्रश्नात राग कमी आणि कुतूहल जास्त असतं. त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

मी या कादंबऱ्या आवडीने वाचते. मुलांनी त्या वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं. मात्र सरसकट सगळ्याच वाचाव्यात असं वाटत नाही. निवड करताना मी एकच कसोटी लावते. गोष्टीत वर मिळतो, जादू येते, प्रेम जडतं. त्याची किंमत कोण मोजतं? लेखकाने हा हिशेब प्रामाणिकपणे मांडला असेल तर पुस्तक मुलांच्या हाती निर्धास्त द्यावं. हिशेब दडवला असेल तर मुखपृष्ठ कितीही देखणं असो, त्याविषयी मुलांशी बोलावं. ही कसोटी मला परदेशी समीक्षेत सापडलेली नाही. ती आमच्या सिंधुदुर्गातलीच आहे.

किशोरांचं वेगळं कपाट

अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेत १९५७ साली किशोरवयीन वाचकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. साधारण बारा ते अठरा वर्षांचे वाचक त्यांच्या डोळ्यांसमोर होते. १९६७ साली ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी आली, तेव्हा तिची लेखिका एस. ई. हिंटन जेमतेम अठरा वर्षांची होती. त्या वयाच्या मुलांविषयी त्याच वयाच्या मुलीने लिहिलेलं हे पुस्तक शाळाशाळांतून वाचलं गेलं.

अद्भुताची मोठी लाट आली ती १९९७ साली, ‘हॅरी पॉटर’बरोबर. ही पुस्तकं खपाच्या यादीत वरच्या जागा अडवून बसली, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००० साली मुलांच्या पुस्तकांची यादीच वेगळी केली. मागोमाग २००५ मध्ये स्टेफनी मेयरची ‘ट्वायलाइट’, २००८ मध्ये सुझन कॉलिन्सची ‘द हंगर गेम्स’ आली. आज कणकवलीच्या मुलीला घरबसल्या हवं ते पुस्तक मागवता येतं. त्यामुळे मुंबईतली मैत्रीण जे वाचते तेच ती त्याच आठवड्यात वाचते.

अद्भुताशी जुनी ओळख

‘हे आपलं नाही’ असं म्हणणाऱ्यांनी मराठी कादंबरीचा इतिहास जरूर चाळावा. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. ताटातूट झालेले प्रेमिक, कारस्थानं, संकटांमागून संकटं आणि अखेर मीलन हाच तिचा ऐवज. अशा कादंबऱ्या इतक्या आल्या, की १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक’ या विषयावर निबंध लिहून त्यांच्यावर टीका केली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला घरादाराच्या वास्तवात आणलं. त्यांचं ऋण मोठंच आहे. पण तेव्हापासून अद्भुत म्हणजे पोरकट, असा एक समज जो चिकटला तो अजून सुटलेला नाही.

तुम्ही आत्ता वाचताय त्या दिवाळी अंकाच्या प्रथेतही आमच्या मुलखाचं नाव आहे. पहिला दिवाळी अंक मानला जातो तो १९०९ सालचा ‘मनोरंजन’चा. त्याचे संपादक का. र. मित्र हे मूळचे आजगावकर. आजगाव सावंतवाडी तालुक्यात आहे. बंगाली कादंबऱ्या मराठीत आणण्याची त्यांना ओढ होती. परभाषेतली गोष्ट आपल्या वाचकाला द्यावी, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

प्रेमकथेवरचा खटलाही दिवाळी अंकावरूनच झाला. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा आरोप होऊन प्रकरण न्यायालयात गेलं. खालच्या न्यायालयाने सोडलं, उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड केला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवलं. असे प्रसंग वाचले म्हणून किशोरवयीन मुलं बिघडतील असं खात्रीने म्हणता येत नाही, उलट आयुष्यात त्यांना असे प्रसंग भेटूही शकतात, असा विचार त्या निकालात आहे. आजच्या पालकांनी तो लक्षात ठेवावा.

वर, अट आणि राखण

आता कसोटीकडे वळू. दशावताराचा खेळ जवळून पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. जत्रेत पालखीची प्रदक्षिणा आटोपते, रात्र चढते, पेटारे उघडतात. कलावंत आरसा हातात धरून आपला आपण चेहरा रंगवतात. सिंहासन म्हणजे कापड टाकलेलं बाकडं. लिखित संहिता नाही. आख्यान ठरतं, कोणी कधी प्रवेश करायचा ते ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या रंगमंचावर जन्माला येतात. पेटी, मृदंग आणि झांजेच्या तालावर राक्षस ओरडत येतो आणि मांडीवर पेंगणारी पोरं खडबडून जागी होतात. हल्ली ‘ट्रिकसीनयुक्त’ नाटकांच्या जाहिराती लागतात, पण मूळ आकर्षण गोष्टीचंच. भस्मासुराला वर मिळतो आणि अखेर त्याचाच हात त्याच्या डोक्यावर पडतो. वर आहे तिथे अट आहे, हे इथलं पोर अक्षरओळख होण्याआधीच शिकतं.

घरातल्या समजुतीही तेच सांगतात. गावाच्या हद्दीवरचा राखणदार देवचार सांभाळतो, पण त्याला द्यायची वर्षाची राखण चुकवायची नाही. आरवलीचा वेतोबा रात्री गावभर फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या नव्या चपला वाहतात. रक्षण करणाऱ्या देवाच्याही वहाणा झिजतात, ही कल्पना मला जगातल्या कुठल्याही फँटसीइतकी समृद्ध वाटते.

वेंगुर्ल्याजवळच्या तेंडोलीत जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी हीच माती कादंबरीत आणली. ‘कोंडुरा’तल्या परशुरामतात्याला वरदान मिळतं ते ब्रह्मचर्याच्या अटीवर आणि ते वरदानच त्याला गिळत जातं. उर्सुला ली ग्विन यांची १९६८ ची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ वाचताना मला सारखा ‘कोंडुरा’ आठवतो. तिथला गेड हा तरुण जादूगार गर्वाच्या भरात एक काळी सावली जगात मोकळी सोडतो. तिच्यापासून पळून सुटका नाही, तिलाच शोधत समुद्र पालथा घालावा लागतो. अर्थसी हा बेटांचा प्रदेश आहे. होड्या, वारा, भरती-ओहोटी पानोपानी. मालवणच्या मुलाला तो परका वाटणार नाही. तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला पहिलं पुस्तक द्यायचं तर मी हेच देईन.

पुरूचं तारुण्य, कॅटनिसच्या चिठ्ठ्या

वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या ‘ययाति’ला पुढे, १९७४ साली, ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात. आजच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत एक प्रकरण नायकाचं, एक नायिकेचं, अशी जी मांडणी मुलांना फार आवडते, ती खांडेकरांनी १९५९ सालीच केली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कथेचं मर्म: बापाच्या वासनेची किंमत मुलगा पुरू आपलं तारुण्य देऊन मोजायला पुढे होतो.

‘द हंगर गेम्स’ याच प्रश्नाची आजची मांडणी आहे. बारा जिल्ह्यांतून दरवर्षी प्रत्येकी एक मुलगा, एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडायची आणि राजधानीच्या करमणुकीसाठी त्यांना एकमेकांशी मरेपर्यंत लढवायचं. वय बारा ते अठरा. त्यातला एक तपशील मला सगळ्यात भेदक वाटतो. गरीब घरातल्या मुलाने आपल्या नावाची चिठ्ठी जास्तीची टाकली की घराला वर्षाचं थोडं धान्य आणि तेल मिळतं. सोळा वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या, वीस चिठ्ठ्या झाल्यात, तिच्या मित्राच्या बेचाळीस. धाकट्या बहिणीची एकच, आणि नेमकी तीच निघते. तेव्हा कॅटनिस पुढे होते. मोठ्यांनी केलेली कर्जं पोरांनी का फेडायची, हा या वयाचा खरा प्रश्न आहे. या कादंबऱ्यांवर मुलं जीव टाकतात त्याचं कारण मला इथे दिसतं.

प्रेमाचा हिशेब

‘ट्वायलाइट’बद्दल माझी तक्रार आहे ती त्यात प्रेम आहे म्हणून नव्हे. नायक नायिकेला न सांगता रात्री तिच्या खोलीत येतो, ती झोपलेली असताना तिला पाहत बसतो. पुढच्या एका भागात तिने मित्राकडे जाऊ नये म्हणून तिची गाडीच नादुरुस्त करून ठेवतो. हे सारं प्रेमाची खूण म्हणून येतं. पाळत म्हणजे प्रेम नव्हे, हे घरात कोणीतरी मुलींना आणि मुलांनाही स्पष्ट सांगायला हवं. पुस्तक काढून घेऊन ते सांगता येत नाही. सोबत वाचून सांगता येतं.

त्याच्या शेजारी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ठेवा. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद शिरोडकरवर जीव लावून बसतो, पण तिच्यावर हक्क सांगत नाही. किशोरवयातल्या प्रेमाचं इतकं नितळ चित्रण मराठीत दुसरं मला माहीत नाही.

पालकांनी एक व्यवहाराची गोष्टही ध्यानात घ्यावी. सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ मालिका सुरुवातीला किशोरांच्या कपाटात होती. २०२० मध्ये प्रकाशकांनी ती प्रौढांसाठी म्हणून नव्या रूपात काढली. रिबेका यारोस यांची २०२३ ची ‘फोर्थ विंग’ही प्रौढ वाचकांसाठीच आहे. दोन्हींत शारीरिक संबंधांची उघड वर्णनं आहेत. ड्रॅगन दिसला म्हणून सातवीच्या मुलाच्या हाती ही पुस्तकं देऊ नयेत.

रिकामा खण

मराठीत वाचणाऱ्या मुलाची अडचण वेगळी आहे. लहानपणी ‘किशोर’ (पूर्वी ‘चांदोबा’ही), मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि अनुवादातला ‘हॅरी पॉटर आणि परीस’. तिथून त्याला एकदम ‘मृत्युंजय’सारख्या मोठ्यांच्या कादंबरीवर उडी घ्यावी लागते. मधली चार-पाच वर्षं कपाटाचा खण जवळजवळ रिकामा. ज्यांना इंग्रजी जमतं ती मुलं तिकडे वळतात, बाकीची मोबाइलकडे. यात दोष मुलांचा नाही, आपण लिहिलं नाही याचा आहे.

आणि लिहायला इथे काय कमी आहे? सिंधुदुर्ग किल्ल्याला खाऱ्या पाण्याचा वेढा, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे दहा रंग, एकशे वीस गोल पानं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीच्या पोथ्या. त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. समजा, एका पोथीतलं एकच चित्र हरवलं आणि त्याबरोबर गावाच्या आठवणीतला एक माणूसही पुसला गेला. तो परत आणायला पंधरा वर्षांची मुलगी निघाली, तर तिला काय गमवावं लागेल? एवढ्या एका प्रश्नावर कादंबरी उभी राहते.

जिल्ह्यातल्या जुन्या वाचनालयांना माझी विनंती आहे. तेरा ते अठरा वयासाठी एक खण वेगळा करा. त्यात ‘शाळा’ आणि खानोलकरांची ‘चानी’ ठेवा, ‘अर्थसी’ आणि ‘हंगर गेम्स’ही ठेवा, आणि पुस्तकं निवडायला दोन-चार मुलांनाच समितीवर घ्या. ज्यांच्या घरात दशावतार आहे, चित्रकथी आहे, देवचाराची राखण आहे, त्या तरुणांनी मराठीत, हवं तर मालवणीत, लिहायला बसावं. हिंटनने अठरा वर्षांची व्हायची वाट पाहिली नव्हती. आमच्या पोरांनीही कोणाच्या परवानगीसाठी थांबू नये.